एक फुल, दोन हाफ

माझा जन्म 1 जून 1967 रोजी झाला, असं महाराष्ट्र शासनाचं मत आहे. आईचं मत वेगळं आहे. तिच्या मते मी आवणीत झालो. "पाऊस धो धो चालला व्हता, मी खाचरात रोप लावत व्हते, आन् तुला काय दम निघंना," एवढा तिचा पुरावा. आवणी म्हणजे भाताची लावणी, आणि आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात ती जुलैत असते. पण मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी आवणीबिवणी काही विचारलं नाही. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. बोटांना कान लागला. गुरुजींनी लिहिलं, वय सहा पूर्ण, जन्म 1 जून. त्या दिवशी नाव घातलेल्या झाडून सगळ्या पोरांचा जन्म 1 जूनलाच झाल्याचं त्या रजिस्टरवरून दिसतं. अख्ख्या पंचक्रोशीतल्या आया त्या दिवशी एकदमच मोकळ्या झाल्या असाव्यात.

त्या कानाची किंमत मला 58 व्या वर्षी कळली. सरकारी नियम असा, की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे 31 मे. महाराष्ट्रात 31 मेला जेवढी माणसं एकदम घरी जातात तेवढी एरवी दिवाळीलाच जात असतील. आईची आवणी धरली असती तर मी 31 जुलैपर्यंत खुर्चीवर असतो. दोन महिन्यांचा पगार गुरुजींनी कान धरून काढून घेतला. माझे हात आणखी लांब असते तर गुरुजींनी मला वर्षभर आधीच शाळेत कोंबलं असतं आणि शासनानं वर्षभर आधीच घरी धाडलं असतं, एवढंच समाधान.

निवृत्तीची तयारी दोन प्रकारची असते, आर्थिक आणि मानसिक. हे मला मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं. आर्थिक तयारीसाठी त्यानं एक एक्सेलचा तक्ता पाठवला आणि मानसिक तयारीसाठी एक व्हिडिओ. व्हिडिओत तिशीतला एक दाढीवाला मुलगा साठीनंतर कसं जगावं ते सांगत होता. तक्त्यात मी 85 वर्षं जगणार असं धरलं होतं आणि शेवटच्या चौकटीत एक कोटी साठ लाखांचा आकडा होता.

मी हरखलो. "एवढे येणार?"

"नाही पप्पा. एवढे लागणार."

मी तक्त्यात 85 च्या जागी 70 टाकून पाहिलं. आकडा बराच माणसात आला. पण हा उपाय मंडळींना सांगण्यासारखा नव्हता.

मंडळींना म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना. त्यांना मी एके रात्री माझी पेन्शन समजावून सांगायला बसलो. 36 वर्षं कारकुनी केली, दुसऱ्यांच्या पेन्शनचे कागद टाइप करून बोटं झिजली, त्यामुळं माझा आवाज जरा चढाच होता. म्हटलं, मूळ पगार धरा 60 हजार. निम्मी पेन्शन, म्हणजे 30 हजार. त्यातली 40 टक्के सरकारला विकता येते, त्याला अंशराशीकरण म्हणतात. हा शब्द मी हजार वेळा टाइप केला असेल, अर्थ त्या रात्री पहिल्यांदा कळला. महिन्याचे 12 हजार विकले की सुमारे 12 लाख एकरकमी हातात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. म्हणजे मी 73 व्या वर्षी असणार असा शासनाला भरवसा आहे. असा भरवसा आमच्या घरात अजून कुणी दाखवलेला नाही.

"म्हणजे महिन्याला राहिले किती?"

"अठरा हजार. वर महागाई भत्ता."

"आणि तुम्ही गेल्यावर मला किती?"

प्रश्न कायदेशीर होता. "कुटुंब निवृत्तिवेतन," मी म्हणालो. "पगाराच्या 30 टक्के. म्हणजे..." आणि मी थांबलो.

मंडळींनी बोटांवर हिशेब केला. "अठरा हजार."

"हो."

"म्हणजे तुम्ही असलात काय अन् नसलात काय, सारखंच."

महागाई भत्त्यात फरक पडतो, असं मी म्हणून पाहिलं. पण बारीकसारीक गोष्टींत मंडळींना रस नसतो. शिवाय 65 च्या आत गेलो तर काही काळ वाढीव दरानं मिळतं असं माहितीपुस्तिकेत पुढं होतं. ते पान मी पटकन उलटलं.

सरकारी माणूस निवृत्त होणार, ही बातमी गावात आधी फुटते आणि त्याला फंड किती मिळणार, ही त्याच्याही आधी. राजूर काही मुंबई नाही. इथं एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला काढा उकळतात. माझ्या फंडाचा आकडा मला कळायच्या आधी न्हाव्याला ठाऊक होता. त्यामुळं शेवटच्या वर्षभरात सल्लागारांची रीघ लागली. शेजारचे गुरुजी पोस्टाचे. "भाऊसाहेब, डोळे झाकून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्के. 30 लाखांपर्यंत चालतं."

"पण मी अजून साठीचा कुठं आहे?"

"रिटायर होऊन येणाऱ्याला पोस्ट 55 लाच ज्येष्ठ मानतं."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो आणि माझं वय नेमकं किती याचा शोध घेतला. पोस्टाच्या हिशेबानं मी तीन वर्षांपूर्वीच म्हातारा झालो होतो. माझ्या खात्याच्या हिशेबानं येत्या मेमध्ये होणार होतो. आयकरवाले 60 शिवाय म्हातारा म्हणत नाहीत. आमच्या कार्यालयातला शिपाई माझ्याच वर्गातला, त्याच गुरुजींनी त्याचाही कान धरलेला, त्याचीही तारीख 1 जूनच. पण चतुर्थ श्रेणीला 60 वर्षं. म्हणजे एकाच दिवशी, एकाच शाळेत, एकाच रजिस्टरवर जन्मलेल्या दोघांपैकी मी थकलो आणि तो अजून दोन वर्षं तरतरीत. गुडघे त्याचे दुखतात, ही गोष्ट वेगळी. आणि आमच्या वरच्या अंगाला ते भंडारदऱ्याचं धरण, 1926 साली पुरं झालेलं, शंभरीला टेकलं तरी सेवेत. त्याला कुणी शालश्रीफळ देऊन बसवत नाही.

पण सल्लागारांत सगळ्यांत जोरदार आमचे मेव्हणे. त्यांना भविष्य दिसतं, फक्त ते दुसऱ्याच्या पैशानं दिसतं. आधी त्यांना समृद्धी महामार्गालगतचा प्लॉट दिसला. पाहायला गेलो तर महामार्ग होता, प्लॉटही होता, दोघांच्या मध्ये एक डोंगर होता. मग त्यांना काजवे दिसले.

काजव्यांचं असं आहे, की पावसाळ्याच्या तोंडाशी भंडारदऱ्याच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात आणि पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून ती बघायला येतात. "दाजी, फंडाचे पैसे तंबूत घाला. वीस तंबू. माणशी चूल-मटण-भाकरी-काजवा, सगळं धरून पॅकेज."

"काजवे किती दिवस चमकतात?"

"चांगले दोन-तीन आठवडे."

"आणि बाकीचं वर्ष?"

"बाकीचं वर्ष तुम्ही रिटायरच की!"

मी म्हटलं, फंड हातात आल्यावर बघू. मेव्हणे दमाचे नाहीत. त्यांनी स्वतःच उचल घेऊन मेमध्ये सहा तंबू ठोकले. त्या वर्षी, म्हणजे 2025 ला, पाऊस मेमध्येच कोसळायला लागला. 26 मेला तर मान्सून मुंबईत हजर. आमच्याकडं तो काय करतो ते घाटघरच्या माणसाला विचारावं. सहा तंबूंपैकी दोन ओढ्यानं नेले, एकात पुण्याचं एक कुटुंब रात्रभर उभं राहिलं. काजवे काही त्यांना दिसले नाहीत. वीज मात्र पुष्कळ चमकली. मेव्हणे म्हणाले, पुढल्या वर्षी पत्र्याचे करू. "तुम्ही फक्त मनाची तयारी ठेवा, दाजी." मानसिक तयारी म्हणतात ती हीच असावी.

आणखी एकानं दोन डांगी गाई घ्यायला सांगितलं. आमच्या राजुरात दर वर्षी डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि कातडी अशी तेलकट की केवढाही पाऊस पडो, पाणी अंगावर टिकत नाही. मला या जनावराबद्दल जुना आपलेपणा आहे. 36 वर्षांच्या नोकरीत माझीही कातडी तशीच झाली होती. कुणाचाही अर्ज अंगावर टिकत नसे.

पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो. आमचा शेवटचा जोडफोटो लग्नातला, त्यातही मध्ये एक मामा आहेत. स्टुडिओत गेलो. फोटोवाला पोरगा म्हणाला, "काका, जरा सरका काकूंकडं." मी सरकलो. काकू सरकल्या. पोरगा म्हणाला, "काकू, तुम्ही नाही." सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर 1989 चा माझा फोटो आहे, त्यात केस एवढे दाट आहेत की कार्यालयातल्या नव्या पोरानं विचारलं, "भाऊसाहेब, ही मॅडम कोण?"

हे नवं पोरगं म्हणजे माझ्या जागी येणारा लिपिक. मीच त्याला घडवला. अर्ज कसा घ्यावा, घेतल्यावर कसा ठेवावा, ठेवल्यावर कसा विसरावा, आणि विसरल्यावर त्रुटी कशी काढावी. तो 2005 च्या नोव्हेंबरनंतर लागलेला, म्हणजे जुन्या पेन्शनला मुकलेला. मार्च 2023 च्या संपात मी त्याच्या शेजारी उभा राहून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडलो होतो. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मला ती मिळणारच होती, त्यामुळं घसा मोकळा होता. तेव्हापासून तो माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो. ती नजर मी मनावर घेतली नाही, ही चूकच झाली, पण ते पुढं येईल.

त्या वर्षी 31 मेला शनिवार आला. शनिवारी सुटी. म्हणजे माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस मी घरी झोपून काढला. आधीचेही बरेच तसेच गेले, असं मंडळींचं म्हणणं. निरोप समारंभ शुक्रवारी 30 मेला. गावात त्या दिवशी एकूण पाच समारंभ होते, सगळे 1 जूनवाले. प्रमुख पाहुणे एकच होते आणि ते पाचही ठिकाणी उशिरा पोचले. पेढे मात्र सगळीकडं वेळेवर. राजूरचा पेढा नावाजलेला आहे, आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला प्रत्येकजण आपल्या हातानं भरवतो. मी 23 मोजले. पुढं मोजणं डॉक्टरांनी केलं.

मानपत्र लिहिणं हे कार्यालयात तीस वर्षं माझं काम. प्रत्येक निवृत्त होणाऱ्यासाठी मी नवं कशाला लिहू? एकच मजकूर कॉम्प्युटरवर होता, नाव तेवढं बदलायचो. माझ्या वेळी नाव बदलायचं काम नव्या पोरावर आलं. त्यानं वरचं नाव बदललं. तिसऱ्या परिच्छेदात आधीच्या वर्षी निवृत्त झालेल्या बाई तशाच राहिल्या. साहेब गहिवरून वाचत होते. "त्यांच्या हातच्या पुरणपोळीची चव हे कार्यालय कधीही विसरणार नाही. एक वत्सल माता आणि आदर्श गृहिणी म्हणून..." सभागृहात कुणीही हसलं नाही. कुणी ऐकतच नव्हतं. टाळ्या पडल्या. मंडळींनी ते मानपत्र चौकट करून स्वयंपाकघरात लावलंय.

2 जूनला सोमवार. सकाळी नऊला अंघोळ, साडेनऊला भाकरी, पावणेदहाला बूट घालून, पिशवी घेऊन मी दारात. मंडळी नुसत्या बघत राहिल्या. मी पिशवी खाली ठेवली, बूट काढले आणि विचारलं, "दळण आणायचंय का काही?"

व्हिडिओतला दाढीवाला म्हणाला होता, सकाळी फिरायला जा. पुण्यात हे ठीक आहे. राजुरात माणूस उगाच चालत नाही. पहिल्याच वळणावर एकानं मोटारसायकल थांबवली. "भाऊसाहेब, गाडी बंद पडली का?"

"नाही. फिरायला निघालोय."

"कोणाकडं?"

"असंच."

"असंच म्हंजी? बसा, सोडतो."

रोज तिघंचौघं मला उचलून रोज वेगवेगळ्या ठिकाणी सोडू लागले. एकदा मी शेंडीपर्यंत गेलो. परत यायला एसटी मिळेना. फिरण्यानं वजन घटतं म्हणतात, माझी सुटी नाणी घटली.

मग मी घरात लक्ष घातलं. स्वयंपाकघराचा कारभार पाहून मला धक्काच बसला. 34 वर्षं या खात्यात एकही नोंद नव्हती! मी एक आवक-जावक रजिस्टर घातलं. जिरे, आवक 100 ग्रॅम. तूरडाळ, जावक दोन वाट्या. हळदीचा डबा जुळेना, तर मी मंडळींकडून लेखी खुलासा मागितला. दुपारी ताटात भात आला, आमटी नाही.

"आमटी?"

"तुमची फाईल त्रुटीत काढलीय. हळदीचा खुलासा जोडला की पुढची कार्यवाही."

ते रजिस्टर मी बंद केलं. शेवटची नोंद शाई सुकायच्या आत फाडली.

खरी वाट मी बघत होतो ती कार्यालयाच्या फोनची. मला खात्री होती की माझ्यावाचून तिथं चाक हलणार नाही. कुठली फाईल कुठल्या कपाटाच्या मागं पडलीय हे जगात मला एकट्याला माहीत होतं. मीच पाडली होती. पहिला आठवडा फोन नाही. दुसरा आठवडा नाही. मी मोबाइल बिघडला की काय म्हणून मुलाच्या फोनवरून स्वतःला फोन लावून घेतला. तिसऱ्या आठवड्यात फोन आला. मी घसा साफ केला, उत्तर काय द्यायचं ते ठरवलेलं होतं: येतो, पण माझी सवय लावून घेऊ नका.

"भाऊसाहेब, कपाटाची किल्ली तुमच्याकडं राहिलीय का?"

राहिली होती. पँटच्या खिशात. तीन आठवडे कपाट बंद होतं आणि कुणाचं काहीही अडलं नव्हतं. किल्ली तरी कशाला हवी होती, तर फुलदाणी आत होती.

पेन्शन जूनमध्ये आली नाही. जुलैत आली नाही. चौकशीला गेलो तर नवं पोरगं माझ्या खुर्चीत बसलं होतं, माझाच पेन घेऊन. "बसा, भाऊसाहेब," म्हणालं. मी बाकड्यावर बसलो. तीस वर्षांत त्या बाकड्यावर मी अनेकांना बसवलं, पण त्याचा एक पाय आखूड आहे हे मला माहीत नव्हतं.

"तुमच्या प्रस्तावात त्रुटी आहे. सेवापुस्तकात वडिलांच्या नावात 'रा' पुढं 'व' आहे, बँकेच्या पुस्तकात नाही."

"अरे, हे मीच तुला शिकवलं!"

"म्हणून तर," पोरगं नम्रपणे म्हणालं.

'व' जुळवायला सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात घर चाललं ते मंडळींच्या भिशीवर. ती भिशी आहे हेही मला तेव्हाच कळलं. किती वर्षांची आहे, किती रकमेची आहे, हे अजून कळलेलं नाही. मुलाच्या तक्त्यात तिला चौकटच नाही.

आईला या सगळ्याचा उलगडा होईना. एवढा धडधाकट पोरगा दिवसभर ओट्यावर. एकदा तिनं विचारलंच. "रिटायर म्हंजी काय रं?"

"म्हणजे आता काम करायचं नाही. घरी बसायचं. सरकार पगार देतं."

आई बराच वेळ गप्प बसली. तिच्या हातात खुरपं होतं. ती काही सेवानिवृत्त झालेली नाही, परसातला वाफा अजून तिच्याकडंच आहे. मग म्हणाली, "मंग आजवर काय करीत व्हता?"

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे पेन्शनरानं वर्षातून एकदा सिद्ध करायचं. बाकीच्यांना ही अट नाही. मी अकोल्याला निघालो तर मंडळी बाजाराला म्हणून निघाल्या, आई चष्म्याची काडी बदलायला म्हणून. केंद्रावरच्या मुलीनं अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. 36 वर्षं थुंकी लावून पानं उलटली, अंगठ्यावर रेघ शिल्लक नव्हती. पुसून ठेवला, ओला करून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. यंत्राच्या लेखी मी नव्हतोच.

"काका, चेहऱ्यानं करू," मुलगी म्हणाली आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "आता डोळे मिचकावा."

मी मंडळींकडं पाहिलं.

"तिकडं नाही, काका. इकडं. माझ्याकडं बघून."

58 वर्षांत मी कुणाला डोळा मारलेला नाही. दोन्ही डोळे एकदम मिटले, मग एक, मग तोंडही उघडलं. मंडळी म्हणाल्या, "जिवंत आहेत ते, मी देते लिहून." पण त्यांच्या सहीचं वजन यंत्राला ठाऊक नव्हतं. सातव्या वेळेला मी हयात निघालो.

परतीच्या एसटीत खिडकीशी आई, मग मंडळी, कडेला मी. आईच्या आधारकार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1955 आहे. तिच्या तारखेचंही असंच कुणीतरी कान धरून केलेलं. त्या हिशेबानं आई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी आहे, आणि 75 नंतरच्या फुकट प्रवासाला तिला अजून चार वर्षं होती.

कंडक्टर आला. "बोला."

"तीन राजूर."

त्यानं आईकडं पाहिलं, मंडळींकडं पाहिलं. "बायकांची दोन हाफ." माझ्या टकलाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "काका, पासष्ट झाली?"

"अठ्ठावन्न. पण रिटायर आहे मी."

"तसं चालत नाही. फुल लागंल."

"सरकारनं म्हातारा झाला म्हणून घरी बसवलं हो मला! कागद दाखवू?"

"कागद खात्यात दाखवा. इथं पासष्ट." त्यानं यंत्र दाबलं. "एक फुल, दोन हाफ. सुट्टे द्या."

माझ्याकडं पाचशेची नोट होती. त्याच्याकडं मोड नव्हती. मंडळींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. भिशीचा विषय निघेल अशी त्यांना शंका आली असावी. तेवढ्यात आई वाकली.

"काय झालं रं? फुल कोणाचं ऱ्हायलं?"

"ह्यांचं, आजी."

आईनं कनवटीची पिशवी सोडली, चार घड्यांची नोट काढली, उलगडली, आणि माझ्या डोक्यावरून हात लांबवून कंडक्टरला दिली.

"घ्या," ती म्हणाली, "पोराचं माझ्याकडनं."